गादीखालच्या पिशव्या

बेळगावच्या वडगावहून एका सुनेचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "काकू, आमचं सहा माणसांचं घर. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, मी घरी फॉल-पिको करते. महिन्याला दोघांचे मिळून २२ हजारांच्या आसपास येतात आणि २५ तारखेलाच संपतात. थोरली लेक चौथीत आहे. शाळेत कोणीतरी येऊन प्लॅस्टिकवर बोलून गेलं, तेव्हापासून ती प्रत्येक पिशवीवरून मला टोकते. म्हणून एका प्रदर्शनात गेले, तर स्टीलची बाटली ८५० रुपये, बांबूचा ब्रश १२० रुपये. किमती वाचूनच परत फिरले. घरी सासूबाई एकही पिशवी टाकत नाहीत. घड्या घालून गादीखाली ठेवतात आणि पहाटे आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला त्यातलीच एक लावतात. काही बोललं की म्हणतात, 'फुकट आलेलं टाकायचं कशाला?' आमच्यासारख्यांनी काय करावं? की हे पैसेवाल्यांचंच काम आहे?"

अगं, काकू म्हटलंस म्हणून मीही 'तू'च म्हणते. त्या प्रदर्शनातून रिकाम्या हातानं परतलीस ते बरंच झालं. तुला यातलं काहीही विकत घ्यायचं नाहीये. पण पत्र वाचताना मला पहिल्यांदा काळजी वाटली ती त्या बंबाची, तेव्हा बाटल्या-ब्रश बाजूला ठेवून आधी तेच बोलू.

मी शहापुरात वाढले. आमच्या न्हाणीत चूल होती आणि आई ती पेटवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावायची. लाकूड कितीही ओलं असलं तरी धरायचं. न्हाणीच्या छताला त्यानं काळा चकचकीत थर बसला होता, लाखेसारखा. नखानं खरवडला की नखाखाली चिकट राहायचा, साबणानंही जायचा नाही. तेच आम्ही रोज सकाळी छातीत घेत होतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? प्लॅस्टिकच्या पिशवीचं तसंच आहे. शिवाय गादीखालच्या गठ्ठ्यात कुठली पिशवी कशाची आहे ते आपल्याला कळत नाही. त्यात पीव्हीसीचं काही असलं तर जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. न्हाणीचं दार लावलेलं, धूर आत कोंडलेला, आणि दहा मिनिटांनी तुझी लेक तिथंच आंघोळीला बसणार. एवढंच नाही, हे विष राखेतही उतरतं. तुमच्याकडे बंबाची राख भांड्यांना वापरतात का? वापरत असाल तर सासूबाईंना सांगायला हे एकच वाक्य पुरे आहे: "आई, ज्या राखेत पिशवी जळली, त्याच राखेनं आपण देवाची भांडी घासतो." माझ्या आईला डॉक्टर, शाळा, पेपर यांतलं काही पटलं नव्हतं. राखेचं मात्र एका दिवसात पटलं.

पण नुसतं 'लावू नका' म्हणून भागणार नाही. त्या पिशवी लावतात कारण पहाटे हाताशी वाळकं काही नसतं आणि बेळगावच्या पावसात तर सरपण चार-चार दिवस धुमसत बसतं. तेव्हा पेटवण आपण पुरवायचं. शेंगांची टरफलं, नारळाच्या करवंट्या आणि काथ्या, शेणीचा तुकडा, ओळखीच्या शेतातलं उसाचं पाचट, यातलं जे फुकट मिळेल ते मिरगाच्या आधी एका पोत्यात भरून माळ्यावर टाक. रोजच्यापुरतं पत्र्याच्या डब्यात काढून बंबाशेजारी ठेव, झाकण घट्ट लावून. करवंटी तर इतकी छान पेटते की दोन पुरतात. हे जमलं तर बाकीचं वर्षभर सावकाश केलंस तरी चालेल.

आता गादीखालचा साठा. त्याच्यावर रागावू नकोस. सासूबाईंच्या पिढीला चांगली वस्तू टाकायची लाज वाटते आणि ही लाज तुझ्याच कामाची आहे. साठा फेकून देऊन घर 'स्वच्छ' केलंस तर त्या पिशव्या फक्त तुझ्या गादीखालून तुरमुरीच्या कचरा डेपोत जातील, बाकी काही बदलणार नाही. त्यापेक्षा सगळ्या बाहेर काढा, दोघींनी बसून निवडा. जाड, स्वच्छ असतील त्या भाजीवाल्या मावशीला नेऊन दे, ती आनंदानं घेते, कारण तो गठ्ठा तिला विकत आणावा लागतो. घरच्या वापराला दहा-बारा ठेव. फाटक्या असतील त्या धुऊन, वाळवून दुधाच्या पिशव्यांबरोबर भंगारवाल्यासाठी बाजूला काढ. आणि घरात एकच नियम करा: या संपेपर्यंत नवी पिशवी उंबऱ्याच्या आत येणार नाही.

त्या येतात कुठून, हे मोजायचं काम लेकीला दे. टोकते ना सारखी? मग तिच्या हाती एक रिकामं पोतं दे आणि सांग, आठ दिवस घरात येणारं प्रत्येक प्लॅस्टिक यात टाकायचं, धुऊन. आठव्या दिवशी अंगणात पेपर पसरून ढीग लावायचे. दुधाच्या पिशव्यांचा एक, भाजीच्या पिशव्यांचा एक, किराण्याच्या पुड्यांचा, बिस्किटं-कुरकुरीत खाऊच्या कागदांचा, हॉटेलच्या पार्सलचा. मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं माझ्याकडे भाजीच्या पिशव्या जास्त असतील. निघाले खाऊचे चकचकीत कागद, नातवंडं सुट्टीला आली होती. प्रत्येक घराचा ढीग वेगळा असतो, म्हणून पेपरात छापून येणाऱ्या याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत. सर्वांत मोठा ढीग कुठला ते बघ आणि महिनाभर फक्त त्याच्यामागे लाग.

तुझ्याकडे बहुधा बाजाराच्या पिशव्यांचाच ढीग मोठा निघेल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

कापडी पिशवी शिवायला तुला मी काय शिकवणार, मशीन तुझ्या घरात आहे. तरी हिशेब सांगते. जुनी सुती साडी साडेपाच मीटरची असते. कापड दुहेरी घेतलंस तर बंदांसकट पाच मोठ्या पिशव्या होतात. पिशवी फाटते ती नेहमी बंदाशी, तेव्हा बंद वरच्या काठाला नुसता टाचू नकोस. तळापर्यंत खाली नेऊन शिव आणि काठाशी चौकोन घालून मध्ये फुली मार. मग पाच किलो बटाटे भरले तरी हलत नाही. मिस्टरांच्या जुन्या पँटीचा पाय गुडघ्यात कापून खालची बाजू शिवलीस की तांदूळ, ज्वारी, रेशन आणायला झकास पिशवी होते. फॉल लावून उरलेल्या तुकड्यांच्या लहान-लहान थैल्या कर, दोरी ओढून बंद होणाऱ्या. मिरच्या, वाटाणे, लसूण, आलं यांच्यासाठीच तर आपण चार वेगळ्या कॅरीबॅगा घेतो.

शिवणं सोपं आहे गं, नेणं अवघड. माझ्याकडे सोळा पिशव्या होत्या आणि मी गणपत गल्लीच्या बाजारात हात हलवत उभी असायचे. शेवटी चपलांच्या वर भिंतीत एक खिळा मारला. चप्पल घालायला वाकलं की पिशवी डोक्याला लागते. एक घडी करून मिस्टरांच्या गाडीच्या डिकीत, एक त्यांच्या डब्याच्या पिशवीत, कारण कामावरून येता येता भाजी आणणारे तेच असतात आणि पुरुषमाणसाला 'पिशवी घेऊन जा' सांगितलं की विसरायला होतं. एवढं करूनही विसरलीस तर त्या दिवशी दोनच जिन्नस हातात धरून घरी ये. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा विसरत नाही.

बाजारात भरायचाही एक क्रम आहे. बटाटे, कांदे, नवलकोल आधी सुटेच पिशवीत ओतायचे, त्यावर वांगी, दोडकी, वर टोमॅटो आणि सगळ्यात शेवटी पालेभाजी. मावशी सवयीनं कॅरीबॅग फुंकून उघडते, त्याच्या आधीच पिशवीचं तोंड तिच्यापुढं धरायचं. एवढं जमलं की काम झालं. मला एकदा एक मावशी म्हणाली, "असंच घेऊन येत जावा की, माझी बी पिशवी वाचती," आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. ती कोथिंबीर घरी आणून ओलसर धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेव. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर यासाठी सर्वांत उत्तम. प्लॅस्टिकमध्ये पाणी सुटून ती कुजते, फडक्यात टिकते. फ्रीजमधल्या पिशव्याही त्यानंच सुटतात.

इथं एक फसगत सांगते. कपड्यांच्या दुकानात रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या, खडबडीत पिशव्या मिळतात ना, त्या कापडाच्या नाहीत. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिकच आहे ते. नखाएवढा तुकडा कापून काडीनं पेटवून बघ: सुताची राख होते, हा वितळून त्याचा गोळा होतो. घरात आहेत त्या फाटेपर्यंत वापर, पण 'कापडी' समजून विकत घेऊ नकोस. तांदळाच्या २५ किलोच्या विणीव पोत्याचंही तेच. धुऊन बाजाराला ने, पण गच्चीवर उन्हात टाकू नकोस. उन्हानं त्याचे तंतू सुटतात आणि बारीक चुरा होऊन पन्हाळीतून गटारात जातो.

आणि दुकानदारापुढं संकोच नको. कर्नाटकात ११ मार्च २०१६ च्या आदेशापासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेवर बंदी आहे, जाड असो की पातळ. पलीकडे निपाणी ओलांडून कागलला गेलीस तरी महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. १ जुलै २०२२ पासून तर देशभर प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि थर्माकोलची सजावट बंद आहे. पिशवी नाकारणारी तू काही जगावेगळं करत नाहीस.

तू विचारलंस, हे पैसेवाल्यांचंच काम आहे का. वडगावात राहतेस, तुला बळ्ळारी नाला मी काय सांगायचा? दर पावसाळ्यात त्याचं पाणी शिवारात घुसतं, बासमतीची रोपं पाण्याखाली जातात, दुबार लावणीची पाळी येते. नाला तुंबायला गाळ आहे, जलपर्णी आहे, एकट्या प्लॅस्टिकला दोष देणार नाही मी. पण पाणी ओसरलं की बांधावरच्या झुडपांना कंबरभर उंचीवर काय लोंबत असतं ते बघून ये एकदा. ज्याचं शेत बुडतं तो काही बंगल्यात राहणारा नसतो. तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी येतं तेव्हा गादी उचलून माळ्यावर टाकावी लागते ती तुलाच. म्हणून हे काम आपलं आहे, आणि आपल्या खिशाला परवडेल अशाच रीतीनं झालं पाहिजे.

दुधाचं सांगते. सहा माणसांना रोज दोन पिशव्या म्हटल्या तर महिन्याला साठ. ओळखीचा गवळी असेल आणि भाव जमत असेल तर रतीब लाव, तांब्यात दूध घे. नसेल जमत तर पिशवीचंच दूध घे, मुलांच्या दुधात काटकसर करायची नाही. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस. कात्री अर्ध्यावर थांबव, तुकडा पिशवीला लटकलेला राहू दे. तो नखाएवढा तिकोनी तुकडा कोणी गोळा करत नाही, तो मोरीतून थेट गटारात जातो. पिशवी मात्र चांगल्या प्लॅस्टिकची असते, भंगारवाला किलोवर घेतो. कापली की लगेच धू, ते धुवण तुळशीला घाल, पिशवी दोरीवर चिमट्यानं लाव. न धुता ठेवलीस तर दोन दिवसांत वास सुटतो आणि सगळा उत्साह तिथंच संपतो.

किराण्याला डबे घेऊन जायला लाजू नकोस. पूर्वी सगळे तसंच करायचे. चहापूड, डाळी, गूळ, रवा सुटा मिळतो अशी दुकानं बेळगावात अजून खूप आहेत. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायला सांगायचं, आकडा शून्य करून घ्यायचा, मग जिन्नस. मटण-चिकनलाही कडीचा स्टीलचा डबा ने. त्या काळ्या पिशवीचं तर पुढं काहीच होत नाही, रक्तानं माखलेली कोण धुणार? माझ्या लहानपणी खानापूरकडे मासळी सागाच्या पानात बांधून द्यायचे. तेवढं मागे जा असं मी म्हणत नाही. चिरमुऱ्यांना मी उशीचा जुना अभ्रा नेते. मापटं भरभरून त्यात ओततो दुकानदार. घरी आल्या आल्या मात्र पत्र्याच्या डब्यात ओतायचे, आपल्या हवेत कापडात राहिले तर तासाभरात सादळतात.

तेलाच्या एक लिटरच्या पिशव्यांऐवजी शेजारणीबरोबर मिळून १५ किलोचा पत्र्याचा डबा घेता येतो का बघ. एकदम पैसे घालायला जड जातं हे मला कळतं, म्हणूनच दोघी-तिघींनी मिळून म्हणते. रिकामा डबा धान्याला होतो, नाहीतर भंगारात त्याचे पैसे येतात. तुझ्या माहेरी शेंगा होत असतील तर घाण्याला घालून तेल काढून आणणं सर्वांत उत्तम.

शाम्पूच्या पुड्यांबद्दल मी तुला खोटं सांगणार नाही. पुडीची आणि बाटलीची किंमत घे आणि प्रत्येकीवरच्या मिलीनं भागाकार कर. बऱ्याचदा पुडीच स्वस्त निघते, म्हणूनच ती आपल्यासारख्यांच्या घरात शिरली. पण तिचा कागद प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेला असतो. ते थर वेगळे होत नाहीत आणि कुठलाही भंगारवाला तो घेत नाही. यातून दोन वाटा आहेत. रविवारी शिकेकाई-रिठ्याचं पाणी, सासूबाईंना ते करता येतंच, किंवा कागदात मिळणारी शिकेकाईची वडी. रोजच्या घाईत पुडी लागली तर लागू दे, त्यासाठी जीव जाळू नकोस.

आता माझ्या आवडीची गोष्ट. भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीऐवजी घोसाळं लाव. खरंच लाव. मिरगाच्या पावसावर भिंतीकडेला किंवा गच्चीवर रंगाच्या जुन्या बादलीत तीन बिया टोच, वर चढायला दोरी बांध. कोवळी घोसाळी भाजीला, भज्यांना काढत राहा. प्रत्येक वेलावर दोन-तीन चांगली मोठी मात्र तोडायची नाहीत, त्यांना खूण म्हणून दोरा बांध, नाहीतर सासूबाई भाजीत टाकतील. दिवाळीनंतर ती तपकिरी होतात, हातात घेतली तर काहीच वजन नसतं आणि हलवली की आत बिया खुळखुळतात. तेव्हा काढायची. टोक कापून बिया झटकून घे, अर्धा तास पाण्यात बुडव, साल सैल होऊन हातानं निघते. आतून पांढरट जाळं निघतं, त्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत चार पाण्यांनी धू आणि उन्हात टाक. एका घोसाळ्याचे तीन-चार तुकडे होतात आणि माझ्याकडे एक तुकडा तीन-चार आठवडे जातो. आंघोळीलाही चालतो. दोन गोष्टी सांभाळ: साबणाच्या वाटीत ओला ठेवू नकोस, खिळ्याला टांग, नाहीतर पावसाळ्यात वास येतो. आणि करपलेल्या पातेल्याला तो पुरत नाही, तिथं नारळाचा काथ्या आणि राख हवीच. राख आता पिशवीशिवायची, म्हणून बिनघोर.

बाटलीचं कोडं राहिलं. लेकीची आताची बाटली चांगली असेल तर तीच वापरू दे. प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून चालती वस्तू टाकणं हा उलटा कारभार झाला. डब्यांचंही तेच, त्यांत कोरडी डाळ, कडधान्यं राहू देत. फक्त गरम वरण, तेलकट भाजी, लोणचं त्यात घालू नकोस. लोणच्याला चिनी मातीची बरणी बरी. हॉटेलातलं सांबार, चहा पातळ पिशवीत गरमागरम बांधून आणणं तर आजपासून बंद कर, किटली घेऊन जा. लेकीची बाटली कधी फुटली की प्रदर्शनात जायचं नाही. भांड्यांच्या दुकानात जुनी पातेली, झाकणं मोडीत घालायची आणि साधी, एकपदरी स्टीलची बाटली घ्यायची. घरी पाणी गार हवं तर माठ. आपलं खानापूर कुंभारकामासाठी नावाजलेलं आहे, खादी आयोगाची कुंभारकामाची संस्थाच तिथं आहे.

काही ठिकाणी मी तुला प्लॅस्टिक सोड म्हणणार नाही. झडीच्या पावसात भिंतीला लावलेली ताडपत्री, मिस्टरांचा रेनकोट, मुलांच्या दप्तरावरचं आवरण ही पाच-पाच पावसाळे टिकतात, काढून, वाळवून, घडी घालून ठेवली की झालं. आजारी माणसाची औषधं, सलाईन यांत काटकसर करायची नसते. पाळीच्या पॅडबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. कापड वापरायचं तर ते उन्हात कडकडीत वाळलं पाहिजे आणि जुलैमध्ये आपल्याकडे ऊन कुठलं? इस्त्री फिरवून वाळवता आलं तरच कर. कोणाच्या सांगण्यावरून जिवाला ताप करून घेऊ नकोस.

सणांकडे मात्र बघ. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात तुझ्याकडे किती प्लॅस्टिकच्या डब्या, वाट्या, साबणाच्या पेट्या आल्या? त्यातली एक तरी धड वापरात आहे का? दहा रुपयांचं वाण म्हणून आपण ती लुटतो आणि दोन महिन्यांत मोडून जाते. तुझ्याकडे मशीन आहे आणि चिंध्या आहेत. लसणाची दोरीवाली थैली शिव, आत घोसाळ्याच्या सात-आठ बिया कागदाच्या पुडीत घाल, ते वाण दे. एका घोसाळ्यात भरपूर बिया निघतात, अख्ख्या गल्लीला पुरतील. गणपतीला थर्माकोलच्या मखराऐवजी सासूबाईंची एखादी जुनी जरीची साडी मागे लावून बघ, ती कोणती लावायची ते त्यांनाच ठरवू दे.

खरं तर सासूबाईंना यात पहिल्यापासून घे. पिशव्यांचं कापड त्यांच्याच जुन्या साड्यांतलं घे, त्यांना विचारून. बंबाच्या पेटवणाचा डबा त्यांच्या ताब्यात दे, घोसाळ्याचा वेलही. 'फुकट आलेलं टाकायचं कशाला' म्हणणारी बाई एकदा दाराशी उभी राहिली की घरात कॅरीबॅग आणायची कोणाची हिंमत होणार नाही, मिस्टरांचीही नाही.

मिरग तोंडावर आहे, तेव्हा आधी पेटवण भरून घे आणि बिया टोच. लेकीनं पहिले ढीग लावले की आकडे वहीत लिहून ठेवायला सांग. गणपती झाल्यावर पुन्हा आठ दिवस मोजा आणि दोन्ही आकडे मला कळव. आणि हो, सासूबाईंच्या साडीच्या पहिल्या पिशवीला बंद कोणत्या रंगाचे लावलेस तेही लिही.